लोटन मास्तरांचं पायाळू बाळ

"मारा ना मास्तर, लाजता काय?" असं म्हणत दवाखान्याचा वॉचमन तोताराम शिवणखोलीच्या फरशीवर पालथा पडला होता, आणि लोटन मास्तर मशीनवरून उठायला तयार नव्हते. हातात ऑपरेशनच्या हिरव्या चादरीची दुमड अर्धी आली होती. शेवटी त्यांनी ती दातात धरली, डाव्या पायाची चप्पल काढली, तोतारामच्या कमरेवर टाच टेकवून तीनदा हलकेच दाबली आणि परत जागेवर येऊन बसले. तोताराम उठला, कंबर दोन्हीकडे वळवून पाहिली आणि "उसण उतरली!" असं जाहीर करून गेटवर गेला.

पायाळू माणसाची लाथ बसली की भरलेली उसण उतरते, अशी आपल्याकडे समजूत. लोटन मास्तर पायाळू होते. डोक्याऐवजी पायांकडून जगात आले होते. त्यामुळे धुळ्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांना दोन कामं होती. पगार शिवणकामाचा मिळे आणि मान लाथेचा. हाडांच्या डॉक्टरांसाठी रांगेत बसलेले पेशंटसुद्धा हळूच शिवणखोलीचा पत्ता विचारत. मास्तरांचा स्वतःचा यावर किती विश्वास होता कोण जाणे. कुणी छेडलंच तर म्हणत, "पाय गुणाचा की कंबरच मुळात बरी होती, हे उसवून कसं बघणार?"

"पाय खाली आला असेल तर माझं काम ऐका," दारातून आवाज आला.

दारात मंजुळाबाई उभ्या होत्या. दवाखान्याच्या नर्सिंग शाळेच्या सिस्टर ट्यूटर. शाळेत अठरा मुली होत्या, आणि दीड वर्षाचा कोर्स संपवून एक मे रोजी त्या खेड्यापाड्यांच्या उपकेंद्रांवर जायच्या होत्या. हे सत्त्याऐंशी सालातलं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक कंदील आणि एकटी नर्स. मंजुळाबाईंनी आत येऊन दार लोटून घेतलं.

"मला एक बाई शिवून द्या," त्या म्हणाल्या.

"बाईचा झंपर?"

"झंपर नाही हो. बाई. बेंबीपासून मांडीपर्यंत. आणि तिच्यातून निघणारं एक बाळ. तेही पायाळू."

मास्तरांचे कान लाल झाले. पंचवीस वर्षं दवाखान्यात काढून माणूस कशाला लाजत नाही, पण प्रसूतीच्या खोलीपुढून ते अजून मान खाली घालून जात.

"गंमत नाही करत मी," मंजुळाबाई म्हणाल्या. "पायाळू बाळंतपण आलं की आपले प्रसूतीचे डॉक्टर स्वतः हात घालतात, नाहीतर सरळ सिझर करतात. माझ्या मुली बाजूला बॅटरी धरून उभ्या. गेल्या बॅचची एक मुलगी शिरपूरकडे गेली होती. पहिल्याच महिन्यात तिच्यापुढे पायाळू आलं. मानेपर्यंत आलं आणि अडकलं. पोरगी नोकरी सोडून घरी बसलीय. या अठराजणींचं तसं होऊ द्यायचं नाही मला."

"पण मुंबईचा माणूस आला होता ना, प्लास्टिकचं मॉडेल घेऊन?"

"आला होता. गुळगुळीत बाहुली, गुळगुळीत भोक. डोक्याकडून घातली तर सुळकन येते, पायांकडून घातली तर आतच जात नाही. म्हणे, पायाळूची सोय यात नाही, मॅडम." मंजुळाबाईंनी मास्तरांकडे रोखून पाहिलं. "पायाळूची सोय पायाळूनेच करावी, असं माझ्या मनात आलं."

एवढं झाल्यावर नाही कसं म्हणणार?

मास्तर कामाला लागले. वर्गातल्या सापळ्याची कंबर प्लास्टर खोलीतल्या भटूने तासाभरात प्लास्टरमध्ये उतरवून दिली. हात-पाय मोडलेल्यांना वीस वर्षं प्लास्टर घालून भटूला त्या पांढऱ्या चिखलाची भाषाच येत होती. मोडक्या स्कूटरच्या सीटमधला फोम मांड्यांना लागला, वरून तपकिरी रेक्झिन आलं. बाळाच्या डोक्यासाठी मास्तरांनी बाजारात सतरा नारळ हातात घेऊन पाहिले. दुकानदार म्हणाला, "पूजेचा हवा की चटणीचा?" मास्तर म्हणाले, "बाळंतपणाचा." सोललेल्या बुटक्या नारळावर कापूस आणि मलमल चढली आणि बाळाला डोकं आलं. घरी तर हसून हसून मुरकुंडी. त्यांच्या बायकोने, बेबाबाईंनी, शेजारणीला ओट्यावर बोलावून सांगितलं, "आमच्याकडे दिवस गेलेत. यांना."

पण कारागीर माणूस हाताच्या सवयीने फसतो. धुळ्याच्या कुठल्याही शिंप्याकडे लहान पोराचा सदरा टाका, तो मापापेक्षा दोन बोटं लूज ठेवणार. पोर वाढतं, कपडा दिवाळीपर्यंत तरी पुरला पाहिजे. मास्तरांनी बाळाच्या बाहेर यायच्या वाटेलाही दोन बोटं लूज ठेवलं. आतून कोटाला लावतात तसलं साटीनचं अस्तर दिलं. बाहुलीची मान ढिली दिसली तर ती मेल्यासारखी वाटते म्हणून मानेत काठी घालून तिहेरी टीप मारली, आणि हात सदऱ्याच्या बाहीसारखे अंगालगत शिवून टाकले. काम इतकं सुबक झालं की पाहणाऱ्याने बोट लावण्याआधी हात धुवावेत.

शनिवारी वर्गात दाखवलं. मंजुळाबाईंनी वरून बाहुली सरकवली, पाय दिसले, आणि एकेक मुलगी पुढे येऊन पाय धरून ओढू लागली. अठराच्या अठरा बाळं सुखरूप निघाली. बोदवडची मंदा, वर्गातली सगळ्यात भित्री मुलगी, तिने तर एका हाताने काढलं. टाळ्या पडल्या. दवाखान्याचे मोठे डॉक्टर अभिमन देवरे खास बघायला आले होते. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, "पुढच्या शनिवारी याच्यावरच परीक्षा घेऊ. ट्रस्टच्या अध्यक्षांनाही बोलावतो."

मास्तर त्या रात्री जेवले किती आणि बोलले किती याला धरबंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मास्तरांनी बाई आणि बाळ पोत्यात घातलं आणि सोनगीरची एसटी पकडली. सोनगीर त्यांचं जन्मगाव, आणि त्यांना या जगात आणणारी झुंबरबाई अजून तिथेच होती. वय ऐंशीच्या घरात. दृष्टी गेली होती, पण गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे आवाजावरून ती सगळ्यांना ओळखायची. आपलं काम तिच्या हाताखालून गेलं की सार्थक झालं, असं मास्तरांना वाटत होतं. पोत्यातून बाहेर आलेली दोन पावलं बघून कंडक्टरने विचारलं, "याचं हाफ तिकीट काढू का?" मास्तर म्हणाले, "जन्मायचं आहे अजून." साऱ्या गाडीत हशा झाला.

झुंबरबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"कोन? शिंप्याना लोटन का?"

"हा झुंबरमाय, मीच."

"ये, बस. पोतामा काय लयना रे?"

"बाईनी कंबर शे, माय. आनि एक बाळ. नर्स पोरींसले शिकाडाले मी बनाडेल शे. तुना हात लागू दे एकदाव."

म्हातारीने लसणाचं सूप बाजूला सारलं. रेक्झिनवरून हात फिरवला, आतलं हाड चाचपलं, "हाई बरं शे," म्हणाली. मास्तर फुलले. त्यांनी वरून बाहुली सरकवली. म्हातारीने दोन पाय धरले आणि ओढलं. बाहुली अलगद बाहेर आली.

म्हातारीने ती हातात तोलून पाहिली. पुन्हा आत घालायला लावली, पुन्हा ओढली. मग बाहुली मास्तरांच्या मांडीवर टाकली.

"हाई खोटं शे, लोटन."

"खोटं? कसाले माय?"

"वढं आनि उनं. इतलं सोपं ऱ्हास का? आते त्या बठ्ठ्या पोरी गावोगाव जातीन. पाय दिखनात का वढतीन. पोरं मारतीन त्या, आनि तू शिकाडं आसं व्हई."

मास्तरांचा चेहरा पडला. डॉक्टर खूश झाले होते, टाळ्या पडल्या होत्या, हे सांगायला ते तोंड उघडणार होते. पण म्हातारीने त्यांचं मनगट धरलं.

"तुना पहिले एक व्हता," ती म्हणाली. "तुनी माय कधी बोलनी नही का?"

"नही."

"तोबी पायाळूच. मी तव्हय नवी. पाय दिखनात आनि माले घाई व्हयनी. वढं मी. वढं आनि त्याना हात डोकावर गयात, हनुवटी हाडले आडकनी. मंग काय करो? तो गया. तुनी माय माले एक शबद बोलनी नही. दोन वरिसमा तू उना. तुनाबी पाय पुढे. तव्हय मी मना दोन्ही हात पदरमा बांधी लिन्हा आनि बसी ऱ्हायनी. घरना बाया माले शिव्या देत व्हत्या, पन मी हात सोडात नही. तू बेंबी लगून आपला आपला उना."

मग तिने बाहुली चाचपून घेतली आणि शिकवायला लागली. बेंबीपर्यंत हात लावायचा नाही. नंतरही ओढायचं नाही, फक्त पाठ वर राहील एवढं बघायचं. बाळाला त्याच्या वजनाने लोंबू द्यायचं. मानेमागचे केस दिसले म्हणजे हनुवटी छातीला लागली, असं समजायचं. मग गालांवर बोटं ठेवून हळू वर उचलायचं.

"वढं तर आडकाले पाहिजे," ती म्हणाली, "आनि थांबं तर येवाले पाहिजे. आशी बाई शिव. नही ते हाई चुल्हामा घाल."

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. "जन्मलं का?" त्याने विचारलं. मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. सगळं गाव त्यांना शिंप्याचा थोरला म्हणायचं. आईने मात्र त्यांना कधी थोरला म्हटलं नव्हतं. धाकट्या भावंडांना ती धाकटे म्हणे आणि यांना नुसतं लोटन. पन्नास वर्षं ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि आता विचारायला आई नव्हती. नगाव येईपर्यंत मास्तर चक्क रडले.

सोमवारी सकाळी त्यांनी मंजुळाबाईंपुढे बाहुली ठेवली आणि झुंबरबाईंचं म्हणणं सगळं सांगितलं. आपल्या भावाचंही सांगितलं.

मंजुळाबाईंनी बाहुलीची ताठ मान बोटाने हलवून पाहिली. "पुस्तकात हेच आहे," त्या म्हणाल्या. "मीच शिकवते दरवर्षी. आणि शनिवारी मुली ओढत होत्या तेव्हा मीच टाळ्या वाजवत होते."

"सिस्टर, आता बदललं तर परीक्षेत पोरी नापास होतील. डॉक्टर, अध्यक्ष, सगळ्यांसमोर. तुमचंही नाव जाईल."

"इथे नापास झालेल्या परवडतील. उसवा."

मास्तरांनी स्वतःची तिहेरी टीप स्वतःच्या हाताने उसवली. शिंप्याला याच्याइतकं कडू काम दुसरं नसतं. वाट दोन बोटं आत घेतली, तोंडाशी ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी बसवली. बाळाच्या पोटात नदीची वाळू भरून वजन आणलं. हात खांद्याशी इलॅस्टिकवर जोडले, म्हणजे घाईने ओढलं की ते डोक्यावर जातील. मानेतली काठी काढून जुन्या बनियनचं मऊ कापड घातलं, आणि हनुवटीला दोऱ्याच्या लाकडी रिळाचा अर्धा तुकडा बसवला. बुधवारी बाळ ओढलं तरी अडकायचं आणि थांबलं तरी अडकायचं. गुरुवारी मास्तरांनी रीळ तासलं तर ते कसंही केलं तरी पडायचं. भटू वैतागून म्हणाला, "मास्तर, हे पोर तुमच्यावरच गेलंय." शुक्रवारी दुपारी मास्तरांनी मान अर्ध्या बोटाने आखूड केली, पाय धरून ओढलं आणि रीळ हाडाला खट्टकन अडकलं. मग हात सोडून बसले. वाळूच्या वजनाने बाळ लोंबलं, हनुवटी आपोआप छातीला लागली. मास्तरांनी तीसदा करून पाहिलं. तीसदा तसंच झालं. भटूने डब्यातला शेव-चिवडा काढला आणि दोघांनी बाळाला मध्ये ठेवून खाल्ला.

शनिवारी मास्तर पहाटेच्या गाडीने झुंबरबाईंना घेऊन आले. वर्गात त्यांना भिंतीशी खुर्ची दिली. अध्यक्ष शेठजी आले, डॉक्टर देवरे पांढऱ्या सफारीत आले. मंजुळाबाईंनी मुलींकडून आठवडाभर "हात लावू नका" हे घोकून घेतलं होतं. पण घोकणं वेगळं आणि समोर लोंबणारे दोन पाय वेगळे. पहिली मुलगी आली, तिने ओढलं आणि बाळ अडकलं. दुसरीचं अडकलं. तिसरी रडायलाच लागली.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले. "गेल्या शनिवारी तर छान निघत होतं! मास्तर, तुम्ही बिघडवून ठेवलंत."

"नाही साहेब. गेल्या शनिवारी बिघडलेलं होतं."

मास्तर असं बोलले याचं मास्तरांनाच नवल वाटलं. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. अपेंडिक्स काढण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. त्यांनी पाय धरले आणि ओढलं. खट्ट. जरा फिरवून ओढलं. बाळाचे दोन्ही हात डोक्यावर गेले. कपाळावर घाम आला, सफारीचं बटण तुटून शेठजींच्या पायाशी गेलं, पण बाळ हललं नाही. 

"कोन शे रे तो?" भिंतीकडून आवाज आला. "मघासपाईन वढीच ऱ्हायना!"

"मोठा डॉक्टर शेत, माय," मास्तर हळूच म्हणाले.

"मंग त्यासले सांग, हात पदरमा बांधा."

एक मुलगी फिस्सकन हसली. मग दुसरी. डॉक्टरांनी आपल्या सफारीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, जणू पदर शोधत होते, आणि ते स्वतःच मोठ्याने हसले. शेठजी हसले. रडणारी मुलगीही हसायला लागली.

"मला तर पदरच नाही, आजी," डॉक्टर म्हणाले आणि बाजूला झाले. "ज्याला आहे त्याला पाठवा."

मंदा पुढे आली. बोदवडची तीच भित्री मुलगी. तिने साडीचा पदर पुढे घेतला, दोन्ही मनगटांभोवती गुंडाळला आणि समोर बसली. मंजुळाबाई कळ आल्यासारखं थांबून थांबून वरून दाबत होत्या. पाय आले, मांड्या आल्या. मंदाचे खांदे वर जात होते, ओठ दाताखाली होता, पण पदर सुटला नाही. बेंबी आली तेव्हा तिने हात मोकळे केले, पाठ वर राखली. हात एकेक करून खाली आले. बाळ लोंबलं. मंदा बघत राहिली. मलमलीवर मास्तरांनी काळ्या दोऱ्याने मानेमागचे केस काढले होते, ते दिसल्यावर तिने गालांवर बोटं ठेवली आणि उचललं. ट्यूबची पट्टी ताणली गेली आणि नारळाचं डोकं बाहेर आलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंदाने बाळ उराशी धरलं आणि ती हुंदके देऊ लागली.

डॉक्टरांनी शेठजींच्या पायाशी पडलेलं बटण उचलून खिशात टाकलं. "सिस्टर," ते म्हणाले, "परीक्षा आज ज्यांची होईल त्यांची होईल. पण प्रत्येकीच्या हातून हे दहादा निघाल्याशिवाय एकीलाही गावाला सोडू नका. तारीख पुढे गेली तर मी बघतो." मग म्हणाले, "सोमवारपासून मीही येतो. अकरा वाजता."

मंजुळाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते सरळ पदराने पुसले आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. पण ती मुलगी येण्याआधी भिंतीशी खुर्ची सरकली.

"लोटन," झुंबरबाई म्हणाल्या, "माले एकदाव लई चाल."

मास्तरांनी त्यांचा हात धरून आणलं, समोर बसवलं. म्हातारीने विटक्या लुगड्याचा पदर ओढून घेतला आणि दोन्ही हात त्यात गुंडाळले. मंजुळाबाईंनी बाळ वरून सरकवलं. म्हातारीला दिसत नव्हतं, म्हणून मास्तर शेजारी बसून सांगत होते, पाय उनात, मांड्या उन्यात, बेंबी उनी. तिने मान हलवली आणि मग हात सोडवले. त्या हातांची घाई नावाची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच संपलेली होती. बाळ लोंबलं. म्हातारीने बोटाने मानेमागचे केस चाचपले आणि बाळ असं उचललं की ट्यूबची पट्टी कधी ताणली ते कळलंच नाही.

तिने ते मांडीवर घेतलं, पदरात गुंडाळलं आणि आयुष्यभर बायकांनी तिला विचारलेलं आज तिने विचारलं.

"काय व्हयनं रे?"

मुलगा की मुलगी, हे इतक्या दिवसांत कोणाच्या मनातच आलं नव्हतं. मास्तरांनी तसं काही शिवलंच नव्हतं. त्यांनी पदराबाहेर आलेलं बाळाचं पाऊल आत सारलं. मग म्हणाले,

"पोऱ्या शे, माय. मना मोठा भाऊ."

झुंबरबाईंनी पदराने बाळाचं डोकं पुसलं. पुन्हा एकदा पुसलं आणि ते मांडीवर घेऊन बसून राहिल्या. चौदा मुलींची परीक्षा अजून व्हायची होती, आणि बाळ ते एकच होतं. पण मंजुळाबाईंनी ते मागितलं नाही.